आईच्या हातचा रस्सा

पंचवटीतलं काम उरकून गोरक्षतात्या पुतण्यासोबत मिसळीच्या हॉटेलात बसले, तेव्हा सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. पहिल्याच घासाला सोमनाथ म्हणाला, "तात्या, रस्सा अगदी काकूच्या हातचा लागतोय!"

तात्यांचा हात ताटातच थांबला. तो काळा मसाला दोघींनाच जमायचा, त्यांच्या बायकोला, सगुणाबाईला आणि लेकीला, तेजस्विनीला. लेकीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून तात्यांनी ती जिवंत असतानाच रामकुंडावर तिचा दहावा घातला होता आणि घरात तिचं नाव काढायला बंदी केली होती.

तेवढ्यात रस्सा वाढायला तीच आली. क्षणभर थबकली, मग डोळे पुसत हसली.

"लय वाळलात, तात्या! घामाघूम झालात, टोपी तरी काढा."

तात्यांनी टोपी आणखी खाली ओढली.

ती लगबगीनं आत गेली आणि डबा भरून घेऊन आली. "हा आईला द्या. म्हणावं, मसाला तुझाच हाय, चुकला असंल तर फोन करून शिव्या घाल. तुम्ही नका बोलू माझ्याशी, पण तिला तेवढं बोलू द्या."

"तात्या, आता तरी सांगा," सोमनाथ पुटपुटला.



तात्यांनी टोपी काढली. डोक्यावरचे केस त्यांनी सकाळीच रामकुंडावर, सगुणाबाईच्या दहाव्याला उतरवले होते.