तिसरे वर्तुळ

सुई कागदाची कड गाठून थडकली होती, आणि परतताना तिने उमटवलेला थरकाप कितीतरी वेळ शमला नव्हता. जयदेवने फिरत्या नळकांड्यावरचा कागद अलगद सोडवला आणि टेबलावर अंथरला. अनंत चतुर्दशी सरून नुकतेच उजाडले होते. साल १९९३. अंबरनाथच्या टेकडीपायथ्याशी असलेल्या त्या एका खोलीच्या भूकंपमापन केंद्रात दोघेच होते. यंत्रांची देखभाल करणारा अभियंता जयदेव, आणि रात्रपाळीला बसलेले बुवापाड्याचे शंकरराव.

"आधी मला वाटलं, शेजारच्या कॅम्प चार वस्तीतले ढोल," शंकरराव म्हणाले. "दर विसर्जनाला ही सुई नाचतीच. मी तिला म्हटलंबी, झोप गं आता, बाप्पा गेले. तेवढ्यात बुडाखालची खुर्ची हलली, साहेब."

जयदेव हसला नाही. पृथ्वीच्या पोटातून पहिली लहर केव्हा पोहोचली आणि तिच्या मागून दुसरी, संथ लहर केव्हा, यांतले अंतर तो पट्टीने मोजत होता. जितका विलंब अधिक, तितके भूकंपाचे स्थान दूर. त्याने भिंतीवरचा नकाशा उतरवून टेबलावर पसरला, कंपासचे टोक अंबरनाथवर रोवले आणि वर्तुळ काढले. ते बडोद्याच्या बाजूने निघाले, वऱ्हाडाच्या सीमेवरून मराठवाड्यात उतरले, बेळगावाजवळून वळले आणि समुद्रात शिरले.

"यातलं नेमकं कुठं?"

"एकटं यंत्र अंतर सांगतं, शंकरराव. दिशा नाही सांगत."

शंकररावांनी चष्मा पुसला. त्यांचे बोट त्या रेषेवरून सावकाश फिरू लागले आणि उमरग्याच्या अलीकडे थांबले. "आमची तुळशी इथं दिलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात जाऊन आलो. जावयानं घर काय बांधलंय! दीड-दीड हाताच्या दगडी भिंती, वर धाब्याला गुडघाभर माती. भर वैशाखात आत थंडगार." मग त्यांनी बोट उचलले आणि निळ्या भागावर ठेवले. "समुद्रातबी असू शकंल ना?"

"असू शकेल," जयदेव म्हणाला. त्या भिंती त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. दगडावर दगड, मध्ये नुसता चिखल, आणि वर मातीचा तो सारा भार.

टेबलावरचा काळा फोन वाजला. पुण्याच्या केंद्राने आपले अंतर कळवले. जयदेवने दुसरे वर्तुळ काढले. पहिल्या वर्तुळाला ते दोनच ठिकाणी छेदत होते. एक फुली उमरग्याच्या बाजूला पडली. दुसरी दक्षिणेला, सह्याद्रीच्या उतारावर. समुद्रातली शक्यता उरली नाही.

शंकरराव दोन्ही फुल्यांकडे आळीपाळीने पाहत राहिले.

"म्हणजे आता हे, नाहीतर ते."

"हो. कोयनेकडच्या केंद्राचा फोन यायचा आहे. तिसरं वर्तुळ यातल्या एकाच फुलीतून जाईल."

शंकररावांनी हात जोडले. ओठ हलू लागले. दुसऱ्या फुलीकडे त्यांनी नुसती मान केली. "तिथं डोंगरच असंल सगळा. वस्ती नसंल फारशी. त्या बाजूला झालेलं बरं."

जयदेव कंपासच्या पितळी खिळीशी चाळा करीत होता. तो म्हणाला, "सावंतवाडीकडचा मुलूख आहे तो. आमचं गाव. आई असते तिथं. एकटीच."

शंकररावांचे ओठ थांबले. जोडलेले हात तसेच राहिले. मग एकेक करून ते गुडघ्यांवर आले.

"मग माणसानं मागावं तरी काय, साहेब?"

बाहेर कुणीतरी रात्रीच्या मिरवणुकीचा गुलाल पायांवरून धूत होते; त्या पाण्याचा आवाज येत राहिला. दोघेही फोनकडे पाहत नव्हते आणि दोघांनाही दुसरे काही दिसत नव्हते. कोयनेचा आकडा लहान आला तर दक्षिणेची फुली, मोठा आला तर पूर्वेची. एवढे तर शंकररावांनाही वर्षानुवर्षांच्या सहवासाने उमगत होते.

घंटी वाजली. जयदेवने ऐकून घेतले. पलीकडून आकडा दुसऱ्यांदा सांगितला गेला, तेव्हा त्याने फक्त "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. त्याच्या छातीत कोंडलेला श्वास आपोआप सुटला. तो सुटल्याचे त्यालाच ऐकू आले, आणि लज्जेने त्याची मान खाली गेली.

त्याने नकाशाच्या कोपऱ्यातल्या मापपट्टीवर कंपास धरला आणि त्याचे पाय उघडले. आणखी उघडले. आणखी. शंकरराव त्या रुंदावणाऱ्या पायांकडे पाहत होते. कंपासचे टोक कोयनेवर टेकले, पण पेन्सिल कागदापासून बोटभर वर थबकली. जयदेवला ती खाली आणता येईना.

"आई सुखरूप आहे तुमची," शंकरराव म्हणाले. आवाज अगदी सपाट होता. त्यांनी नकाशाची वळलेली कड दोन्ही हातांनी दाबून धरली. "ओढा रेघ, साहेब. ठिकाण कळल्याबिगर तिकडं माणसं कशी निघतील?"