आवरण्याआधी

अंकितानं स्वयंपाकघराच्या दारातच तात्यांना थांबवलं. "तात्या, आदी फोटो काढा. मग आवरते."

तात्या नुकतेच आटपाडीच्या तलावापर्यंत फिरून आले होते. कॅमेरा घेऊन ते तिथंच उकिडवे बसले. फरशीवर ताट पालथं पडलं होतं. आमटीचा ओघळ मोरीपर्यंत गेला होता आणि खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्यावर आलं होतं.

तीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. पोरांपुढं मांडलेल्या त्या सुरईत आणि केळ्यांत त्यांना कधी जीव वाटला नाही. कविता सापडली ती निवृत्तीनंतर, घरातल्या आपसूक पडलेल्या वस्तूंत. फुटलेला चहाचा ग्लास. अंगणातली एकटी चप्पल. उंबऱ्यावर पडलेला केसांचा चाप.

बायको असती तर तिनं हे सगळं केव्हाच पुसून टाकलं असतं. सून मात्र तात्या फिरून येईपर्यंत कशालाच हात लावायची नाही. तिला नजर आहे, असं ते चारचौघांत सांगत. मुलगा जयराज यात पडत नसे. खाली मान घालून न्याहारी करायचा, डबा उचलायचा आणि कामावर जायचा.

सांगलीत प्रदर्शन भरवायचा आग्रह अंकिताचाच. एकवीस फोटो तिनंच निवडले, प्रत्येकाखाली तारीख घातली. तात्यांचा लाडका लिंबांचा फोटो तिनं बाजूला ठेवला.

"ह्यात काय घडलेलं न्हाई," म्हणाली.

तात्यांना ते पटलं. चित्र कळणारंच माणूस असं बोलतं.

प्रदर्शनाला गर्दी बरी होती. एका प्राध्यापकांनी तर फोटोंमधल्या शांततेचं फार कौतुक केलं. तात्यांना भरून आलं. जयराज तेवढा आला नव्हता. त्याला रजा मिळाली नव्हती.

दुपारी अंकिता एका बाईंना घेऊन एकेका फोटोपुढं थांबू लागली. बाई वहीत लिहून घेत होत्या. पेपरातल्या असाव्यात, असं समजून तात्या सदऱ्याची कॉलर सारखी करत त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"हितं ताट फेकून मारलं," अंकिता हळू आवाजात सांगत होती. "हितं केस धरून उंबऱ्यावरनं आत वढलं. ही चप्पल, मी पळून जायला बघितलं त्या दिवसाची."

तात्यांचा हात कॉलरवरच राहिला.

बाईंनी पेन थांबवलं. तक्रार आपण लिहून घेऊ, पण घरात भांडी पडतातच, असं समोरचा वकील म्हणेल, हे त्यांनी तिला समजावलं. मग विचारलं, "तुमच्या बाजूनं साक्षीला कोण उभं राहणार?"

अंकितानं वळून तात्यांकडं पाहिलं.

"ज्यांनी फोटो काढलेत तेच," ती म्हणाली. "त्याचे वडील."