सगळ्यांत शांत पंप

ज्या वर्षी शेरिलला जुळी झाली, त्या वर्षी तिच्या हट्टापायी तिच्या बापानं, मर्व्हिननं, अखेर कानात ऐकायची यंत्रं बसवून घेतली. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या घरी परतून तो खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच माशांच्या टाकीतल्या पंपाची घरघर त्याच्या डोक्यात शिरली. दोन दिवस त्यानं दातओठ खात काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पंप उपसला आणि तसाच ठिबकत नेऊन ट्रूडीच्या पाळीव माशांच्या दुकानात आदळला. ट्रूडी शाळेत त्याच्याच वर्गात होती.

"हा पंप आहे की साखर कारखाना? या आवाजात माणूस झोपणार कसा?"

"मर्व्ह, हा बारा वर्षं असाच ओरडतोय."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

 ट्रूडीनं वरच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं काढून त्याच्यापुढे सरकवलं.

"हा घे. सगळ्यांत शांत. सहा वर्षांपूर्वी तुझ्या बायकोनं दहा पंप कानाशी धरून निवडला होता. तुला विचारून नेते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत आली. तू म्हणाला होतास, कसला आवाज, मला तर काही ऐकू येत नाही."

&nbsp;

त्याची बायको नोएला सहा वर्षं मागच्या व्हरांड्यात झोपली आणि त्याच वर्षी नऊ फेब्रुवारीला वारली. मर्व्हिनच्या कानांतली यंत्रं जूनमध्ये आली.