पुढच्या चाकांचे ब्रेक

"दाब," फियाटच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसून तो म्हणाला. पेडल हललं नाही. मग त्याच्या लक्षात आलं, सीटवर कुणीच नाही. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात; एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने नट सैल करायचा. तीस वर्षं पेडलवर बायकोचाच पाय असायचा.

"जुने ड्रम ब्रेक काढून पुढे डिस्क ब्रेक बसवा हो," ती सांगायची. "उतारावर माझा जीव मुठीत असतो." तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. ती जाऊन दोन महिने झाले आणि डिस्क आत्ता बसली.

त्याने शेजारच्या देवस्थळीला हाक मारली. पेडल दाबता दाबता देवस्थळी कुरकुरला, "हळू सांग की, हुकूम कसले सोडतोस!"

हवा निघाल्यावर दोघे टेकडीच्या उतारावर गेले. त्याने गाडी वेगात सोडली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ थांबली.

"भीती वाटली?" त्याने विचारलं.

"छे! मी काय तुझी बायको आहे?" देवस्थळी हसला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"तिलाही वाटली नसती," तो समोर बघत म्हणाला. मागून हॉर्न वाजत राहिला, पण त्याचा पाय ब्रेकवरून निघेना.