इंग्रजीसाठी दोन दाबा

शाळेतून आले की दप्तर भिरकावायचं आणि मोबाइल कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. इंग्रजीसाठी दोन दाबायचं. "हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे," असं मशीन सांगतं. होऊ दे की, माझंही प्रशिक्षणच चाललंय. बाईंनी सांगितलंय, रोज कुणाशी तरी इंग्रजीत बोला. रिकाम्या घरात बोलणार कुणाशी?

पहिल्यांदा नुसतं "हॅलो" म्हणून घाबरून फोन ठेवला होता. आता रिचार्जपासून हवापाण्यापर्यंत फाडफाड बोलते.

आज फोन उचललेल्या हेल्पलाइनच्या ताईंनी माझा आवाज ओळखला. नेटवर्कची खोटी तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि हळूच मराठीत विचारलं, "रोज फोन करतेस. घरी कुणी नसतं का गं?"

मराठीत काही सुचेचना. मग मी इंग्रजीतच सांगून टाकलं, की बाबा वर्षभरापूर्वी वारले, आईची दुपारपाळी असते, ती येईपर्यंत मला भीती वाटत नाही, फक्त दोन खोल्यांचं घर फार मोठं वाटतं.

ताई ऐकत राहिल्या. माझी एकही चूक झाली नाही. हेच मराठीत अजून कुणालाच, आईलासुद्धा, सांगता आलेलं नाही.