बाटलीतलं दूध

नव्या फोर बाय फोरनं गोदावरीचं गुडघाभर पाणी कापलं आणि शहागडच्या खालच्या अंगाला असलेल्या वाळूच्या बेटावर गाडी चढली, तशा कल्याणच्या लेकीनं टाळ्या पिटल्या. कल्याण तंबू ठोकायला लागला. चहा ठेवायचा म्हणून बायकोनं सासूकडं, साळूबाईंकडं, दुधाची बाटली मागितली, तर त्यांनी ती पदराआड धरली. एरवी गाडीचं नाव काढलं तरी डोकं धरणाऱ्या साळूबाई आज सगळ्यांच्या आधी गाडीत येऊन बसल्या होत्या.

"हितं एक बाभूळ होती रे," त्या चहूकडं बघत म्हणाल्या.

"होती ना. मीच पाडली," कल्याण ऐटीत म्हणाला. "घरासाठी वाळू काढताना जेसीबीला आडवी येऊन राह्यल्ती. तिच्या बुडाची वाळू बिलकुल मैद्यावानी. पुरुषभर खोल खांदली अन् सगळी आपल्या भिंतींच्या गिलाव्याला लावली."

साळूबाईंनी वाळूवर हात फिरवला.

"तुझ्या आधी एक झाल्ता मला. आठ दिवसांचा होऊन गेला. एवढ्या लेकराला जाळत न्हाईत, म्हून तुझ्या बापानं त्या बाभळीच्या बुडाशी पुरल्ता. एकदा दूध घालावं म्हनून आल्ते."

कल्याणनं वाळूत ठोकलेली खुंटी उपसून घेतली.

साळूबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट पिरगाळलं.

"मंग हितं कशाला सांडू? चल घरी," त्या म्हणाल्या. "तो तर कवाच घरी आलाय."