शेवटचा कट

सुपरवायझरनं शाफ्ट दिव्याखाली फिरवून पाहिला. एकही रेघ नव्हती.

"आरसा केलास की रे! महिनाभरात एक जॉब परत आला नाही. काय जादू केलीस?"

ग्राइंडिंगवाल्यानं फडक्याला हात पुसले. जादूबिदू काही नव्हती. भिंतीपलीकडची पत्रा कापायची प्रेस बंद होती, कारण ती चालवणारा त्याचा थोरला भाऊ महिन्यापूर्वी वारला होता. प्रेसचा प्रत्येक दणका जमिनीतून इकडे यायचा, ग्राइंडिंग मशीन शहारायचं आणि शाफ्टवर बारीक लाटा उमटायच्या. म्हणून शेवटचा कट, म्हणजे अखेरची बारीक घासणी, घेण्याआधी तो पान्यानं भिंतीवर दोनदा ठोकायचा. दादाला ऐकू आलं नाही तर जॉब परत यायचा; ऐकू आलं की तो प्रेस थांबवायचा आणि पलीकडून ओरडायचा, "झालं का रे?" दोघा भावांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे एवढंच.

"त्या प्रेसमुळंच होत होतं का सगळं?" सुपरवायझरनं विचारलं. "तसं असेल तर सांग. उद्याच भंगारात काढतो."

दादाच्या जागी प्रेसवर वहिनीला घ्यायचं ठरलं होतं. दुसरीकडे कुठं जागा नव्हती.

"प्रेसचा काय संबंध?" तो म्हणाला. "ग्राइंडिंगचं चाक नीट घासून घेतलं, एवढंच."

"बघ हं. पुन्हा लाटा आल्या तर तुझ्या माथी."

"माझ्याच."

हे बोलतानाही त्याला काही वाटलं नाही. दादा गेल्यापासून वाटतच नव्हतं. तो जेवत होता, कामावर येत होता, कुणी विनोद केला तर हसतही होता. आपलं काळीज आहे तरी कशाचं, असं त्याचं त्यालाच वाटायचं.

सोमवारी पलीकडे दणके सुरू झाले. त्यानं मशीनवर तळवा ठेवला. थरथर होतीच. शाफ्ट मापाजवळ आला तसा त्यानं सवयीनं पाना उचलला आणि भिंतीवर दोनदा ठोकलं. मग लक्षात आलं, वहिनीला हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

प्रेस थांबली.

चाक फिरत होतं. मशीन अगदी स्थिर होतं. हँडल जरासं फिरवलं की काम संपणार होतं, पण त्याचा हात चालेना.

"झालं का, भावजी?" पलीकडून आवाज आला.

"अजून नाही, वहिनी," तो म्हणाला आणि हँडल धरून तसाच उभा राहिला.